कपाटाला कुलूप नसलेली शाळा

नागपूरहून छिंदवाड्याकडे निघाले म्हणजे महाराष्ट्राची हद्द ओलांडताच सौंसरचा मुलूख लागतो. संत्र्यांच्या बागा, कापसाची शेते, मागे सातपुड्याच्या रांगा आणि घरोघरी वऱ्हाडी वळणाची मराठी असा हा प्रदेश आहे. बोरगाव हे गाव याच मुलखातले. 1956 पूर्वी हा भाग व विदर्भ एकाच प्रांतात होते आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि सौंसर व पांढुर्णा हे मराठी बोलणारे तालुके मध्य प्रदेशात राहिले. 2023 साली त्या दोहोंचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला.

अशा गावातले चार वर्षांचे मूल सकाळभर काय करीत असते, हे कोणी थोडा वेळ स्वस्थ बसून पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. ते चिंचोके गोळा करते, मोठे एकीकडे व लहान एकीकडे मांडते, रांग करते, मोडते, पुन्हा करते. बोरे वेचताना पिकलेले कोणते, हिरवे कोणते, किडके कोणते याची निवड ते आपल्या हाताने करते. हे काम त्याला कोणी सांगितलेले नसते आणि ते संपल्यावर कोणी शाबासकीही देत नाही. तरी ते त्यात इतके गढून जाते की आईची हाक त्याच्या कानी पडत नाही. हेच मूल पुढे शाळेत गेले की त्याचा गुण नाहीसा झाल्यासारखा वाटतो. तेथे काय करायचे, केव्हा करायचे आणि किती वेळ करायचे हे दुसरेच कोणी ठरविते. मुलाने आपले काम आपण निवडावे की नाही, हा प्रश्न म्हणून केवळ पंडितांचा नाही. तो प्रत्येक अंगणातला प्रश्न आहे. त्याचा आपल्या देशातील इतिहास रोमच्या एका चाळीपासून डहाणूच्या एका टेकडीपर्यंत पसरला आहे, आणि तो समजून घेण्याजोगा आहे.

आपल्याकडील जुनी गावठी शाळा म्हटली की छडी घेतलेले पंतोजी, धूळपाटी आणि संध्याकाळचा परवचा डोळ्यांपुढे येतो. ती शाळा कठोर होती यात शंका नाही. शिक्षा कडक असत, पाठांतर हेच सर्वस्व होते आणि मुलींना व अनेक जातींच्या मुलांना तिचे दार बंद होते. परंतु तिच्यात एक गोष्ट अशी होती की जी पुढे नाहीशी झाली. सगळ्या वयांची मुले एकत्र बसत आणि ज्याचे अक्षर वळण घेई, तो पुढे जाई. ज्याचे वळत नसे, तो आणखी काही दिवस धूळपाटीवर बोट फिरवी. प्रत्येकाची चाल वेगळी असू शकते, एवढे तरी त्या शाळेला मान्य होते. एकोणिसाव्या शतकात सरकारी शाळा आल्या, त्यांबरोबर इयत्ता आल्या, छापील पुस्तके आली आणि तपासनीस साहेबांची वार्षिक परीक्षा आली. किती मुले पास झाली यावर शाळेचे अनुदान ठरविण्याची पद्धत अनेक प्रांतांत रूढ झाली. साहजिकच साहेब जे विचारतील तेवढेच शिकवावे, हा शाळेचा धर्म बनला. 1904 साली हिंदुस्थान सरकारच्या शिक्षणविषयक ठरावाने ही पद्धत मोडीत काढली. परंतु तिने लावलेली सवय सहजासहजी गेली नाही. एका इयत्तेतील चाळीस मुलांनी एकाच वेळी एकाच पानावर असले पाहिजे, ही समजूत अद्यापही पुष्कळ ठिकाणी जिवंत आहे.

या समजुतीला जोराचा धक्का ज्या जागी बसला, ती जागा म्हणजे कोणती नामांकित विद्यापीठाची शाळा नव्हे, तर गरिबांची वस्ती होती. रोम शहरात सान लोरेन्झो नावाच्या मजूरवस्तीत जुन्या इमारती दुरुस्त करून भाड्याने दिल्या होत्या. आईबाप कामाला गेले की लहान मुले दिवसभर जिन्यांवर हुंदडत आणि नव्या रंगविलेल्या भिंती खराब करीत. भिंतींची ही नासधूस थांबावी, म्हणून मुलांना एका खोलीत सांभाळावे असे मालकांच्या मनात आले आणि त्यांनी ते काम डॉ. मारिया मॉन्टेसरी यांच्याकडे सोपविले. 6 जानेवारी 1907 रोजी ही खोली उघडली. मुलांना शिकवावे असा मालकांचा हेतू नव्हता. भिंती राखाव्या एवढाच होता.

बाई 1870 साली जन्मल्या होत्या, व्यवसायाने डॉक्टर होत्या आणि मतिमंद समजल्या गेलेल्या मुलांसाठी तयार केलेली साधने त्यांच्यापाशी होती. ती साधने एका कपाटात ठेवलेली असत आणि शिक्षिका आपल्या हाताने ती वाटीत असे. एके दिवशी शिक्षिकेला यायला उशीर झाला आणि आदल्या दिवशी कपाटाला कुलूप लावायला ती विसरली होती. ती येऊन पाहते तो मुलांनी कपाट उघडलेले, काही मुले वस्तू घेऊन निघालेली. शिक्षिकेला वाटले, ही चोरी झाली. यांना शिक्षा केली पाहिजे. मॉन्टेसरींना त्यात निराळेच दिसले. कोणती वस्तू कोठे असते हे मुलांना ठाऊक झाले आहे आणि प्रत्येकाला काय हवे ते त्याचे त्याला कळते आहे, असा अर्थ त्यांनी काढला. तेव्हापासून उंच कपाट गेले आणि मुलाचा हात पोहोचेल अशा बुटक्या, उघड्या मांडण्या आल्या. बालशिक्षणातील एक मोठा पालट अशा रीतीने एका विसरलेल्या कुलपातून झाला.

या पद्धतीतील स्वातंत्र्य म्हणजे नेमके काय, याविषयी मात्र पुष्कळ गैरसमज आहेत. मनाला येईल तसा धिंगाणा घालण्याची मुभा, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. मूल आपली चटई पसरते, मांडणीवरून एक साधन आणते आणि हवा तितका वेळ त्याच्याशी काम करते. प्रत्येक साधन एकच असते. ते दुसऱ्याच्या हाती असेल तर थांबावे लागते. काम झाले की वस्तू होती तशी, होती तेथे ठेवावी लागते. दुसऱ्याच्या कामात हात घालता येत नाही. म्हणजे निवड मुलाची, पण ज्यांतून निवडायचे त्या वस्तू शिक्षिकेने विचारपूर्वक मांडलेल्या. लाकडी ठोकळ्याच्या खाचांत दट्टे बसविण्याचे काम एका तीन वर्षांच्या मुलीने चाळीसहून अधिक वेळा न थकता केले, ही गोष्ट मॉन्टेसरींनी स्वतः नमूद केली आहे. भोवती मुले गाऊ लागली, तिची खुर्ची उचलून टेबलावर ठेवली, तरी तिचे लक्ष ढळले नाही. आपणहून निवडलेल्या कामात मन कसे एकाग्र होते, याचा हा पुरावा होता. शिक्षिकेचे काम या पद्धतीत कमी होत नाही, वाढते. कारण चाळीस मुलांना एक धडा सांगण्यापेक्षा चाळीस मुलांची चाळीस कामे पाहणे कितीतरी कठीण असते.

हा विचार मराठी घरांपर्यंत आला तो गुजरातमार्गे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी 1920 साली बालमंदिर सुरू केले. गिजुभाई हे मूळचे वकील. स्वतःचा मुलगा वाढू लागला, तेव्हा त्याला कसे शिकवावे या विचारातून ते मॉन्टेसरींच्या ग्रंथांकडे वळले आणि वकिली सोडून बालशिक्षक झाले. लहान मुलांवरील त्यांच्या मायेमुळे लोक त्यांना कौतुकाने ‘मिशाळ आई’ म्हणत. त्यांच्या कामात येऊन मिळाल्या ताराबाई मोडक. 1892 साली मुंबईत प्रार्थनासमाजी घराण्यात जन्मलेल्या ताराबाई 1914 साली पदवीधर झाल्या, विवाहानंतर काही काळ त्यांनी अमरावतीस काढला, पुढे राजकोटला शिक्षिकांच्या महाविद्यालयात काम केले आणि तेथून त्या भावनगरला आल्या. 1926 साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीत निघत होती, ती ताराबाईंनी मराठीत आणली. 1936 साली मुंबईस दादर येथे शिशुविहार सुरू झाला. गिजुभाई 1939 साली वारले, तेव्हा हा भार ताराबाईंवर आला.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मॉन्टेसरी स्वतः हिंदुस्थानात आल्या. अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीने त्यांना निमंत्रण दिले होते. त्यांच्या पहिल्या वर्गाला सुमारे तीनशे शिक्षक जमले. थोडे महिने राहून परत जावे असा त्यांचा बेत होता. परंतु 1940 च्या जूनमध्ये इटली युद्धात उतरली आणि इटलीचे नागरिक म्हणून मायलेक इंग्रज सरकारच्या दृष्टीने शत्रुपक्षाचे ठरले. त्यांचे पुत्र मारिओ यांना स्थानबद्ध करून अहमदनगरला ठेवण्यात आले. बाईंचा सत्तरावा वाढदिवस 31 ऑगस्ट 1940 रोजी आला, तेव्हा सरकारने त्यांना मुलाच्या सुटकेची भेट दिली. जिने साऱ्या जगाला मुलांच्या मोकळेपणाचा धडा दिला, तिला आपल्या मुलाच्या मोकळेपणासाठी सरकारच्या मर्जीची वाट पाहावी लागली. 1946 पर्यंत त्या येथेच राहिल्या, पुढे पुन्हा येऊन गेल्या आणि हजाराहून अधिक शिक्षक त्यांनी या देशात तयार केले.

परंतु एक प्रश्न त्यांच्या येण्याआधीच उभा राहिला होता. 1931 च्या ऑक्टोबरात गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेले गांधीजी मॉन्टेसरींना भेटले होते आणि त्यांच्या अध्यापनवर्गापुढे बोलले होते. श्रीमंतांच्या मुलांप्रमाणे कंगालांच्या मुलांनाही असे शिक्षण मिळावे, ही आशा त्यांनी तेथे व्यक्त केली. आशा साधी होती. पण तिने नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले होते. मजूरवस्तीत जन्मलेली ही पद्धत हिंदुस्थानात येईपर्यंत शहरातील सुखवस्तू घरांची होऊन बसली होती. तिची साधने मापात कातलेल्या लाकडाची, महाग आणि नाजूक. ती विकत घेण्याची ऐपत खेड्यातील शाळेला कोठून असणार?

या प्रश्नाचे एक उत्तर बोरगावपासून फार दूर नसलेल्या वर्ध्याला शोधले गेले. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि सात वर्षांचे, मातृभाषेतून व हस्तोद्योगाच्या द्वारे द्यावयाचे शिक्षण ही नयी तालीमची योजना पुढे आली. मध्य प्रांतात रविशंकर शुक्ल यांनी जमिनीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या विद्यामंदिरांची योजना हाती घेतली, तीही याच सुमारास. सेवाग्रामला आशादेवी व आर्यनायकम् यांनी हा प्रयोग वाढविला आणि शांताबाई नारुलकर यांनी तेथे सात वर्षांखालील मुलांचे पूर्व-बुनियादी शिक्षण उभे केले. सूत, माती, बागकाम, झाडलोट, स्वयंपाक ही खेड्याची रोजची कामे हेच शिकण्याचे साधन ठरले, म्हणून खर्चाचा प्रश्न पुष्कळसा सुटला. तथापि एक अडचण राहिली. टकळीवर किती सूत निघाले याचा हिशेब सुरू झाला की मुलाच्या निवडीचा कोपरा आक्रसू लागतो. हाताला काम मिळाले, पण ते काम कोणी निवडले, हा प्रश्न पुन्हा उरलाच.

दुसरे उत्तर पश्चिम किनाऱ्यावर मिळाले. 1945 साली ताराबाईंनी मुंबईतील जम बसलेले काम मागे ठेवून त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी बालवाडी सुरू केली. तेथे आचार्य भिसे शिक्षणाचे कार्य करीत होते. ताराबाईंबरोबर अनुताई वाघ आल्या. 1910 साली जन्मलेल्या अनुताईंचा विवाह बालपणीच झाला होता आणि थोड्याच महिन्यांत त्यांना वैधव्य आले होते. शिक्षिका होऊन, रात्रशाळेत शिकून त्या मॅट्रिक झाल्या होत्या. काही दिवसांसाठी म्हणून आलेल्या अनुताई 1992 साली मृत्यू येईपर्यंत त्याच भागात राहिल्या.

त्या वर्षी त्या भागात आणखी एक गोष्ट घडत होती. डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतील वारली शेतमजूर वेठबिगारीविरुद्ध उठले होते. गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी जमीनदारांची फुकटची कामे करण्यास नकार दिला. म्हणजे ज्या मुलांनी आपले काम आपण निवडावे असे ताराबाई म्हणत होत्या, त्यांच्या शेजारच्या पाड्यांत मोठ्या माणसांनासुद्धा आपले काम निवडण्याची मुभा नव्हती. बालकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न तेथे खेळण्यांपुरता राहूच शकत नव्हता.

1957 साली संस्था कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांच्या निकट गेली. तेथे प्रथम अनुभव आला तो अपयशाचा. सुंदर बालवाडी उघडली, पण मुले येईनात. कारण पाहू जाता कळले की मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन बसते, भाऊ गुरांमागे जातो आणि पाड्यावरून टेकडी लांब पडते. तेव्हा मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे या दोघींनी ठरविले. शिक्षिका पाड्यावर जाऊ लागल्या आणि कोणाच्या तरी अंगणातच बालवाडी भरू लागली. तिलाच अंगणवाडी हे नाव मिळाले. आरंभी मुलांना आंघोळ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे; मग गाणी, गोष्टी आणि मग वस्तू. महागड्या दट्ट्यांच्या जागी शंख, शिंपले, गोटे, पाने आणि बिया आल्या. शिंपले लहानमोठ्या क्रमाने लावता येतात, पाने आकारावरून निवडता येतात, बियांनी मोजता येते आणि वाळूत बोटाने अक्षर काढता येते. पाहिले तर धूळपाटीच ही. फरक इतकाच की तिच्यावर काय काढायचे हे आता मुलाच्या हाती होते.

धाकट्यांना सांभाळण्यासाठी पाळणाघर, मधल्यांसाठी बालवाडी आणि मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा ही तिन्ही एकत्र आणून विकासवाडी झाली, तेव्हा मोठ्या बहिणीलाही शिकण्यास हात मोकळे मिळाले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले, ती कुरणशाळा. येथे स्वातंत्र्याचा एक नवा अर्थ हाती आला. निवडीला वाव द्यायचा तर नुसती मांडणी उघडी ठेवून भागत नाही. मुलाच्या कडेवरचे ओझे आधी उतरावे लागते. रोमच्या खोलीत कुलूप कपाटाला होते. कोसबाडला ते गरिबीचे होते, आणि त्याची किल्ली शोधणे हेच शिक्षिकेचे पहिले काम ठरले.

ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण हा किताब मिळाला. 1973 साली त्या निवर्तल्या. अनुताईंना 1985 साली पद्मश्री मिळाली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज हा शब्द काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत पोहोचला आहे. परंतु नाव जितक्या दूर गेले, तितका त्यामागील विचार गेला असे म्हणता येत नाही. पोषण, लसीकरण आणि नोंदवह्या यांचे आवश्यक काम करता करता सेविकेचा दिवस संपतो. मुलाने काय निवडले हे पाहण्यास उसंत थोडी उरते. दोष सेविकेचा नाही. एका बाईवर दहा कामे टाकून अकरावे प्रेमाने करावे, अशी अपेक्षा ठेवणाऱ्या व्यवस्थेचा तो दोष आहे.

तरी वाट बुजलेली नाही. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी 1985 साली सृजन आनंद विद्यालय उभे केले. सेवाग्रामला 2005 साली आनंद निकेतन या नावाने नयी तालीमची शाळा पुन्हा सुरू झाली. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा वयोगट एक पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळातून शिकण्यास स्थान दिले. 2023 साली सरकारने लहान मुलांसाठी खेळणी, कोडी व चित्रे असलेला ‘जादुई पिटारा’ काढला. विचार चांगला आहे. फक्त पिटारा शाळेत आला म्हणजे तो उघडा राहतोच असे नाही. वस्तू खराब होतील, हरवतील, तपासणीत हिशेब लागणार नाही, या भीतीने तो कपाटात जाऊ शकतो आणि कपाटाला कुलूप लागू शकते. 1907 साली जी चूक सुदैवाने झाली, ती आता जाणूनबुजून करावी लागेल.

बोरगावासारख्या सरहद्दीवरच्या गावात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. घरात मूल ज्या बोलीत चिंचोके मोजते, ती मराठी. राज्यकारभाराची भाषा हिंदी. नयी तालीमने मातृभाषेचा आग्रह धरला आणि कोसबाडच्या शिक्षिकांनी पाड्यावरच्या बोलीशी जुळवून घेतले, ते उगीच नव्हे. लहान मुलाची निवड प्रथम शब्दांत होते. ‘मला हे पाहिजे’ एवढे त्याला आपल्या घरच्या बोलीत म्हणता आले आणि ते ऐकून कोणी हसले नाही, तर त्याचा हात मांडणीकडे निर्भयपणे जातो. पुढे तेच मूल हिंदीही शिकते आणि इंग्रजीही शिकते. पण पहिले पाऊल घरच्या ओट्यावरूनच पडावे लागते.

अनेक आईबाप विचारतात की मुलांना खेळायचेच असेल तर शाळा कशाला? ही शंका रास्त आहे आणि तिला उत्तर दिले पाहिजे. अंगणात मूल चिंचोके मांडते. तेथे ते मांडणे कोणी पाहत नाही आणि पुढची पायरी कोणी दाखवीत नाही. चांगल्या शाळेत तेच चिंचोके असतात, पण पाच-पाचांचे ढीग केले तर काय होते, हे योग्य क्षणी सुचविणारे माणूस जवळ असते. सुचवून झाले की ते बाजूला होते. शिक्षण आणि खेळ यांतले अंतर एवढेच, आणि हे एवढेसे अंतर सांभाळण्यासाठी गिजुभाई, ताराबाई, अनुताई यांनी आपले उभे आयुष्य वेचले.

तेव्हा कोणाच्या घरी किंवा शाळेत चार वर्षांचे मूल असेल, त्याने उद्या सकाळी एक लहानसा प्रयोग करून पाहावा. हात पोहोचेल अशा फळीवर चार साध्या वस्तू मांडाव्या, वापरून झाल्यावर जागच्या जागी ठेवण्याचा नियम एकदाच सांगावा आणि मग घटकाभर काहीही न बोलता बसावे. हे गप्प बसणे मोठ्या माणसांना फार जड जाते. परंतु तेवढे साधले, तर मूल कोणत्या वस्तूकडे वळले, ती त्याने किती वेळा हाताळली आणि कोणत्या क्षणी ते आपणहून उठले, हे दिसू लागेल. आणि उद्या त्या फळीवर काय ठेवायचे, हे मुलाकडूनच कळेल.